मामंजींचा डोळा आणि माझे अभिप्राय

लग्न होऊन मी पनवेलला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत चार कादंबऱ्या होत्या, आणि त्या मी लुगड्यांच्या खाली ठेवल्या होत्या. माझे सासरे, आमचे मामंजी, निवृत्त हेडमास्तर. कादंबरी वाचणं म्हणजे रिकामपणाचा उद्योग, असं त्यांचं मत असल्याचं माहेरी पेणलाच माझ्या कानावर आलं होतं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात आम्ही तिघंच. हे कचेरीत गेले की दुपारभर मामंजी बाहेरच्या खोलीत वाचत बसायचे आणि मी आत, चोरून.

दुसऱ्या वर्षी त्यांच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दुसऱ्या डोळ्याला आधीपासूनच अंधुक दिसत होतं. नवा चष्मा मिळेपर्यंत वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. दोन दिवस ते नुसते पडून राहिले. तिसऱ्या दिवशी मला हाक मारून म्हणाले, मॅट्रिक झाली आहेस ना, मग दुपारी थोडं वाचून दाखव.

ह्यांनी वाचनालयातून हिमालयाच्या प्रवासाचं एक पुस्तक आणून दिलं होतं, ते मी सुरू केलं. मामंजी खूश होते. मला मात्र लेखकाचा राग यायला लागला. पुस्तकभर हा गृहस्थ चढतोय, पण त्याचे पाय म्हणून दुखत नाहीत. मुक्कामाला पोचला की चहा तयार असतो; तो कोण करतं, सामान कोण वाहतं, ते लिहायचं त्याला सुचतच नाही. पुस्तक संपल्यावर मी हे भीतभीत बोलून दाखवलं. मामंजी म्हणाले, "हमालाचा उल्लेख दोनदाच आला, खरं आहे. मी वाचत असतो तर माझ्या लक्षात आलं नसतं."

त्यानंतर पुस्तक कोणतं आणायचं हे मला विचारण्यात आलं. मी धीर करून कादंबरी मागवली. एका गरीब कारकुनाच्या मुलीची गोष्ट होती. वाचता वाचता नायिका आणि तिचा प्रियकर विहिरीपाशी भेटतात तो प्रसंग आला. सासऱ्यांसमोर तो वाचायचा कसा? मी दोन पानं गाळून पुढे गेले.

मामंजी म्हणाले, "थांब. आत्ता ती हसत विहिरीवर गेली होती. रडत घरी का आली?"

पानं चिकटली आहेत, असं मी सांगितलं. ती सोडव आणि वाच, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. मी वाचलं. माझे कान तापले होते. मामंजींनी भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. मला अवघड वाटू नये म्हणूनच ते, हे नंतर उमगलं. त्या पानांतच त्याने तिला फसवल्याचं उघड होत होतं. पुढे चार दिवस ते त्या मुलीची काळजी करत होते. शेवटी लेखकाने तिला क्षयाने मारलं तेव्हा ते चिडले. पुढे काय करायचं ते सुचत नाही म्हणून लेखक नायिकेला आजारी पाडतात, हे त्यांचं मत मला अजूनही पटतं.

तिसरं पुस्तक होतं आपल्याकडच्या मिठागरांवरचं. लेखक शहरातले, भाषा फारच सुरेख. मीठ चांदण्यासारखं पसरलेलं, संध्याकाळी टोपल्या घेऊन गात गात घरी परतणाऱ्या बायका. मामंजी एकेका वाक्याला मान डोलवत होते. मलाही ते आवडलं होतं. तेवढ्यात नेहमीची मीठवाली दारात आली. उरणच्या बाजूच्या एका गावची ही बाई डोक्यावर टोपली घेऊन घरोघर मीठ विकायची. ती ओट्यावर टेकली आणि काय वाचता म्हणून तिने विचारलं. तुमचंच लिहिलंय, असं सांगून मी तिला ते पान वाचून दाखवलं.

तिने नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पायाला भेगा असतात, भेगांत मीठ जातं. गानी आमी लग्नात म्हनतो. मिठावर नाय."

एवढं बोलून तिने मला मीठ मापून दिलं आणि ती गेली. मामंजी लेखकाची बाजू घेऊ लागले. साहित्यात थोडं सजवावं लागतं, वगैरे. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी तेच पान पुन्हा वाचायला लावलं आणि या वेळी मान डोलवली नाही.

आमच्या वाचनालयात वाचकांच्या अभिप्रायाची एक वही होती. मामंजी तीत नेहमी लिहायचे. या वेळी त्यांनी ती ह्यांच्याकडून मागवून घेतली आणि मला सांगायला लागले, लिही, भाषा अत्यंत सुंदर. मी लिहून घेतलं, पण माझा चेहरा त्यांना न दिसताही कळला असावा.

"तुझं काय मत आहे?"

"भाषा सुंदर आहे म्हणूनच राग येतो. त्यांनी एका बाईला तरी विचारायला हवं होतं."

"मग तेही लिही. माझ्याखाली नको, वेगळं लिही."

मी मीठवालीचं बोलणं जसंच्या तसं उतरवलं. छापलेल्या पुस्तकाविषयी मी लिहिलेलं ते पहिलंच मत, आणि त्यातला चांगला भाग माझा नव्हता.

चष्मा आल्यावर पहिल्याच दिवशी मामंजी मला घेऊन वाचनालयात गेले. तेव्हा तिथे बायका जात नसत. पुस्तकं घरातले पुरुष न्यायचे आणि आणायचे. बाकावरच्या माणसांनी वर्तमानपत्रं खाली केली. मी पदर सावरत उभी राहिले. मामंजींनी आधी वही मागितली, माझं लिहिणं स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं, एक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं आणि ग्रंथपालांना म्हणाले, "हिच्या नावाचं वेगळं कार्ड करा. आमच्या दोघांची मतं जुळत नाहीत."

त्या दिवशी मी स्वतः कपाटातून एक जाडजूड कादंबरी निवडली. घरी आल्यावर स्वयंपाकाला लागले. बाहेर आले तर मामंजी नवा चष्मा लावून माझीच कादंबरी वाचत होते. ती त्यांनी दोन दिवस सोडली नाही. तिसऱ्या दिवशी ती माझ्या हातात देताना, नायिका शेवटी घर सोडते ते अगदी योग्य केलं लेखकाने, असं म्हणाले. मी अजून पहिलं पानही उलटलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही.