तिचा कोर्स मी पूर्ण केला

हे मी मुलीलाही सांगितलेलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही नाहीच, असं बरेच महिने स्वतःला समजावत होतो.

मुलगी नोकरीसाठी बेंगळुरूला गेली तेव्हा तिचा जुना टॅब आईला देऊन गेली. त्यावर तिने एक फुकटचा कोर्स लावून दिला होता, जुनी चित्रं कशी बघायची याचा. बोलणं इंग्रजीत, खाली अक्षरं. वयाची अट नाही, कुणाला काही सिद्ध करून दाखवायचं नाही. दुपारची भांडी आवरली की बायको आमच्या पूनम सागर सोसायटीतल्या घराच्या हॉलमध्ये खिडकीशी बसायची. व्हिडिओ थोडा चालवायची, थांबवायची आणि एकाच चित्राकडे बघत राहायची. चहा निवून जायचा.

आमचं ऑफिस तेव्हा नुकतंच बंद झालं होतं आणि मी घरी बसलो होतो. घरात आम्ही दोघंच, त्यात ती चित्रात.

"अगं, ते काही हलत नाही. किती वेळ बघशील?"

"तुम्ही मॅचचा रिप्ले बघता. ती तरी परत होते का?"

कोर्स किती झाला ते दाखवणारी हिरवी पट्टी अर्ध्यावर अडकली होती. शेजारच्या भाभी विचारायच्या, "अभी तक चालू है? डॉक्टर बन रही हो क्या?" बायको हसायची. मला ते लागायचं. अर्धवट काही ठेवायचं नाही ही माझी सवय, असं मी कारण दिलं असतं. पण खरं कारण ते नव्हतं. तिथे बसली की तिला मी दिसत नसे. कोर्स संपला की दिसेन, असं मला वाटत होतं.

तिच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी ती तारोडीला आईकडे गेली. मी टॅब घेतला, आवाज बंद केला आणि उरलेले व्हिडिओ एकामागून एक सोडून दिले. प्रश्नांची उत्तरं अंदाजाने टिचकवली. चुकलं तर परत विचारायचे, सोपंच होतं. मध्ये मध्ये एक चौकोन यायचा. या चित्रात तुम्हाला काय दिसतं ते लिहा, स्वतःसाठी, कुणी तपासणार नाही. पुढचे सगळे चौकोन रिकामे होते. ती जिथे थांबली होती, तिथल्या चौकोनात मात्र मराठीत लिहिलेलं होतं.

चित्रात एक बाई टेबलाशी पाव कापत होती. प्रश्न खिडकीतल्या उजेडाबद्दल होता. तिने लिहिलं होतं, 'दुसरी खुर्ची कोणीतरी मागे सरकवून उठून गेलंय. ती आत सरकवायची का तशीच ठेवायची, ते बाईचं अजून ठरत नाहीये.' पुढे आणखी होतं. मी वाचलं. मग पुसलं, आणि उजेडाबद्दलच्या इंग्रजी ओळी कुठून तरी उचलून तिथे चिकटवल्या. इंग्रजी कोर्सला मराठी उत्तर कसं चालेल, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. निदान तसं मी धरून चाललोय.

सर्टिफिकेट निघालं. पेणकरपाड्याच्या झेरॉक्सवाल्याने लॅमिनेशन करताना नाव वाचलं. "मॅडम का है? फ्रेम भी ले लो अंकल, अच्छा दिखेगा." फ्रेमही घेतली.

दुसऱ्या दिवशी ती आली, हात पुसून तिने फ्रेम हातात घेतली.

"म्हणजे माझं सगळं बघून झालं?"

"झालं. पास झालीस."

तिने टॅब उघडला. सगळीकडे हिरव्या खुणा. ती बोटाने मागे मागे जात राहिली.

"इथे काही लिहिलेलं नव्हतं?"

"नाही. रिकामंच होतं."

"बरं," ती म्हणाली.

फ्रेम शोकेसमध्ये गेली. पाहुण्यांना ती मीच दाखवायचो. टॅबचं चार्जिंग उतरलं ते कुणी भरलं नाही. दुपारी ती खिडकीशी बसायची, पण नुसतीच. त्या वेळी मी तिला दिसत होतो की नाही, मला सांगता येणार नाही. बोलणं भाजी आणि गॅसपुरतं राहिलं.

एकदा ती खाली गेली असताना मी टॅब चार्ज केला आणि ते चित्र काढलं. खुर्ची खरंच तशी होती. मी बराच वेळ बघत बसलो. तिने पुढे काय लिहिलं होतं ते आठवून पाहिलं. वाचलं होतं, तरी आठवेना.

त्या संध्याकाळी ती मेथी निवडत होती, तेव्हा मी बोललो. "त्या चौकोनात तुझं लिहिलेलं होतं. मी वाचलं आणि पुसलं."

"माहितीये."

"कधीपासून?"

"रिकामं होतं म्हणालात तेव्हापासून. लिहिलं मीच होतं ना."

मी म्हणालो, परत लिही. तिने एक काडी मोडून बाजूला टाकली.

"न्हाय आठवत," ती म्हणाली. माहेरचं बोलणं ती माझ्याशी कधी बोलत नाही.

नंतर एका सकाळी तारोडीला निघताना तिने पिशवीत टॅब घातला. मग परत जाऊन चार्जर आणला. मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

"आईला फोटो दाखवायचेत," ती म्हणाली.

"बरं," मी म्हणालो.