नोंद घेतली

आमच्या चुलतसासऱ्यांइतका तोंडी शब्दावर अविश्वास असलेला माणूस अख्ख्या पुणे जिल्ह्यात सापडायचा नाही. राहतात न्हावऱ्यात, जिथे निम्मे व्यवहार बांधावरून हाका मारून होतात. पण आप्पांचा सगळा कारभार ईमेलवर. कोरेगाव भीमाजवळच्या एका कारखान्यात त्यांनी तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. तिथे कुणीतरी एकदा "मी फोनवर सांगितलं होतं" म्हणून हात वर केले आणि ठपका आप्पांवर आला. तेव्हापासून "बोलणं वाऱ्यावर जातंय पाव्हणं, मेल जाग्यावर ऱ्हातोय" हे त्यांचं पालुपद. निवृत्त झाले तेव्हा कारखान्याने भंगारात काढलेला एक कॉम्प्युटर ते घरी घेऊन आले आणि ज्वारीच्या पोत्यांशेजारी त्यांनी कार्यालय थाटलं. चुलतसासूबाईंना मेल उघडता येत नाही, म्हणून "विषय: चहा" असा मेल आप्पा स्वतःलाच पाठवतात आणि त्याची छापील प्रत स्वयंपाकघरात नेऊन देतात. चुलतसासूबाई त्या कागदावर पीठ चाळतात. एकदा सकाळची एसटी अगदी वेळेवर आली म्हणून त्यांनी शिरूर डेपोला आभाराचा मेल केला, आणि दोन दिवसांनी त्याच एसटीने शिरूरला जाऊन तो मिळाला का, हे विचारून आले. "मिळाला की," असं तिथले साहेब हसून म्हणाले. आप्पांनी ते लेखी मागितलं.

या माणसाने सख्ख्या थोरल्या भावाशी बारा वर्षं अबोला धरला, त्याला कारण मी. म्हणजे माझी लग्नपत्रिका. हे थोरले भाऊ म्हणजे माझे सासरे, नाना; मी त्यांचा जावई. पत्रिकेत निमंत्रकांची नावं छापताना आप्पांचं नाव एका धाकट्या चुलतभावाच्या खाली गेलं. चूक छापणाऱ्याची की नानांची, हे आजवर ठरलेलं नाही. आप्पा लग्नाला आले, पंगतीत वाढायलाही उभे राहिले, आणि दुसऱ्या दिवसापासून बोलायचे बंद झाले. पण दोघांची घरं भिंतीला भिंत लागून आणि विहीर सामाईक. चार दिवस पाणी यांचं, चार दिवस त्यांचं. बोलायचं तर नाही आणि मोटार तर चालू करायची. नाना दूध संस्थेचे सचिव, त्यामुळे कॉम्प्युटरला सरावलेले. मग एका भिंतीच्या दोन बाजूंना बसून दोघा भावांनी पत्रव्यवहार सुरू केला. नाना लिहायचे, "विषय: मोटार. फ्यूज उडाला आहे. बदलतो." आप्पांचं उत्तर जायचं, "संदर्भ: आपला मेल. नोंद घेतली." नानांच्या कीबोर्डची खडखड भिंतीतून ऐकू यायची, त्यामुळे काहीतरी येतंय हे आप्पांना आधीच कळायचं, तरी मेल हातात पडल्याशिवाय ते विहिरीकडे हलत नसत. आलेला मेल त्याच दिवशी वाचायचा आणि त्याच दिवशी उत्तर द्यायचं, हा त्यांचा नेम. एखादा न वाचलेला राहिला तर त्यांना जेवण जात नाही.

दोन वर्षांपूर्वी नानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं जड झालं. माझा मेव्हणा दौंडला रेल्वेत आहे, त्याने त्यांना तिकडे न्यायचं ठरवलं. जायच्या आदल्या दिवशी भिंतीतून खडखड आली, पण डाव्या हाताची, एकेक अक्षर थांबून थांबून. मेल आला: "विषय: पाणी. उद्या दौंडला जात आहे. स्टार्टरची किल्ली खिळ्याला आहे. आठही दिवस पाणी तुझे." आप्पांनी नेमाप्रमाणे उत्तर दिलं, "नोंद घेतली." सकाळी गाडी निघाली तेव्हा ते विहिरीवर पाठमोरे उभे होते. त्यानंतर दौंडला एकदाही गेले नाहीत. मी विषय काढला की म्हणायचे, "बोलावण्याचा मेल कुठं आलाय?" नानांचा उजवा हात चालत नाही आणि तिथे कॉम्प्युटरही नाही, हे त्यांना माहीत होतं.

यंदा तो भंगारातला कॉम्प्युटर मधूनच बंद पडायला लागला. शिरूरच्या दुकानातून नवा आणला, पण त्यात मेलचा प्रोग्रॅम निराळा, आणि जुने सगळे मेल जुन्या यंत्राच्याच पोटात. "जुने कशाला पायजेत काका? नव्याने सुरू करा," असं दुकानदार म्हणाला, तेव्हा आप्पा उठून बाहेर आले. मेल हलवायचं काम त्यांनी स्वतःच हाती घेतलं, तेही स्टोअरच्या पद्धतीने. एका गोदामातला माल दुसऱ्यात न्यायचा तर एकेक नग मोजून, नोंदवून न्यायचा. त्यांनी जुन्या यंत्रातला एकेक मेल उघडून स्वतःच्याच पत्त्यावर पुढे पाठवला, नव्यावर उतरवून घेतला आणि वहीत आवक क्रमांक टाकला. बारा वर्षांचे मेल, अकरा दिवस. बाराव्या दिवशी मला शिरूरला फोन आला. आप्पांचा फोन येणं हीच मुळात काळजीची गोष्ट, म्हणून मी कॉलेजच्या ऑफिसातून तसाच निघालो.

आप्पा नव्या पडद्यासमोर बसून होते. मेल सगळे आले होते, एकही नग कमी नव्हता. फक्त प्रत्येकावर पाठवणाऱ्याच्या जागी आप्पांचं नाव होतं आणि तारीख याच महिन्यातली. फ्यूज उडाल्याचं आप्पांनीच आप्पांना कळवलं होतं आणि आप्पांनीच त्याची नोंद घेतली होती.

"पाव्हणं," ते म्हणाले, "ह्यात नाना कुठंय?"

मला हसू आलं होतं, ते जिरलं. जुनं यंत्र अजून धुगधुगत होतं. मी त्यातून सगळ्या मेलची एक फाइल काढली आणि नव्या प्रोग्रॅममध्ये भरली. तासाभराने मेल जसेच्या तसे आले, मूळ तारखेचे, नानांच्या नावाचे. एवढंच झालं, की या भानगडीत ते सगळेच्या सगळे ठळक अक्षरांत आले, आत्ताच येऊन पडल्यासारखे न वाचलेले.

"काळजी करू नका," मी म्हणालो, "सगळे वाचले अशी खूण करायचं एक बटण आहे."

"न वाचता वाचलं म्हणायचं?" आप्पांनी माझा हात माउसवरून बाजूला केला. "तसलं काम आपण न्हाई केलं कवा."

आणि नेमाप्रमाणे ते वाचायला बसले. मध्येच एका मेलशी थांबले. नानांनी लिहिलं होतं, "विषय: मोटार. आज पाळी तुझी असूनही मोटार मी चालू केली. तुला ताप असल्याचे समजले. तुझ्या कांद्याला पाणी भरून झाले." त्याखाली आप्पांचं त्या वेळचं उत्तर होतं, "विनापरवानगी मोटार चालू करू नये." आप्पांनी ते दोनदा वाचलं. "मी असं लिव्हलं व्हय?" मग त्यांनी शेवटचा, पाण्याचा मेल उघडला. उत्तराची चौकट उघडली, काही टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं, छापलं, आणि कागदाची घडी खिशात घालून म्हणाले, "ह्ये हातपोच द्यावं लागंल. दौंडला नेता का?"

दौंडला नाना खिडकीशी खुर्चीत बसले होते. आप्पा आत गेले, "बरं हाय का?" वगैरे काही नाही, सरळ कागद पुढे केला. नानांनी तो डाव्या हाताने धरला. मी मागून वाचला: "संदर्भ: आपला पाण्याचा मेल. आठ दिवसांचे पाणी मला एकट्याला जास्त होत आहे. आपले चार दिवस मी मोटार बंद ठेवतो. कधी येता ते कळवावे." दोन वर्षं निम्मं पाणी तसंच ठेवलं होतं या माणसाने, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

नानांनी कागद मांडीवर ठेवला. मग जड जिभेने, एकेक शब्द उचलत म्हणाले, "पोच... पायजे का?"

"पायजे की."

नानांनी पेन मागितलं आणि डाव्या हाताने कागदाखाली वाकडंतिकडं लिहिलं, "मिळाले." आप्पांनी ते निरखून पाहिलं. "तारीख ऱ्हायली," म्हणाले, आणि कागद पुन्हा नानांच्या हाताखाली सरकवला. नानांनी तारीख घातली. बारा वर्षं माझ्या पत्रिकेचं ओझं वाहत होतो मी. स्वयंपाकघरात जाऊन उगाच दोन पेले पाणी प्यालो.

नाना आता न्हावऱ्याला परत येतील असं डॉक्टरांना वाटत नाही. आप्पांना तसं लेखी कुणी दिलेलं नाही, त्यामुळे नानांच्या चार दिवसांत मोटार अजून बंद असते. दर गुरुवारी ते नानांचे दोन जुने मेल छापून दौंडला नेतात आणि मोठ्याने वाचून दाखवतात. नाना हसतात, कधी त्यांचे डोळे भरतात. बाकीचे मेल तसेच ठळक, न वाचलेले आहेत, आणि तरी आप्पांना हल्ली जेवण जातं. "घाई करायची न्हाई," ते म्हणतात, "म्होरं लय दिस पुरवायचेत." त्या बटणाचं नाव मी त्यांच्यापुढे पुन्हा काढलेलं नाही.