फोटोत नको असलेली बाई

चंद्रहास पारसनीस फोटो बघायला बसला की लखनौमधली मराठी माणसं धास्तावायची. एरवी हा माणूस अगदी साधा होता. एका सरकारी संस्थेत झाडांच्या रोगांवर संशोधन करायचा, तेलीबागेत भाड्याच्या घरात राहायचा, सायकलला पिशवी अडकवून भाजी आणायचा आणि भाजीवाल्याशीसुद्धा 'आप, जनाब' करत बोलायचा. पण समोर दुसऱ्याने काढलेला फोटो आला, की ही सगळी अदब कुठच्या कुठे पळायची. मग समोर साहेब असो, शेजारी असो, नाहीतर नुकती लग्न होऊन आलेली सून असो, तो कुणाची भीड ठेवत नसे.

मी सांगणार आहे ते मात्र त्याच्या बायकोचं, पद्मिनीचं. चंद्रहासबद्दल लोक इतकं बोललेत की तिच्याबद्दल बोलायला कुणाला सवडच झाली नाही.

त्र्याहत्तर साली ती वाईहून लग्न होऊन थेट लखनौला आली. हिंदी यथातथा, ओळखीचं कुणी नाही, नवरा दिवसभर संस्थेत. पहिली दोन वर्षं तिने घरमालकिणीच्या बोलण्याला नुसती मान हलवून काढली. मुलगी झाली, हेमा. ती बोलायला लागली ती गल्लीतल्या पोरांबरोबर, म्हणजे हिंदीत. पद्मिनी मराठीत रागवायची आणि मुलगी "अच्छा मम्मी, सॉरी ना" म्हणून पळायची. स्वतःच्याच घरात आपली भाषा एकटीनेच बोलायची म्हणजे काय, ते ज्याच्यावर येतं त्यालाच कळतं.

मग वसुधा भेटली. छावणीतल्या शाळेत शिकवायची, लग्न केलेलं नव्हतं, म्हातारी आई बरोबर असायची. आठवड्यातून दोनदा ती पद्मिनीकडे यायची. दोघी मिळून चौकात चिकनच्या भरतकामाचं कापड बघायला जायच्या, काही न घेता तासभर भाव करायच्या, दुकानदाराला वैताग आणायच्या आणि रिक्षात बसून हसत सुटायच्या. पद्मिनीला लखनौ सुसह्य झालं ते वसुधामुळे. हे तिने नवऱ्याला कधी सांगितलं नाही आणि त्यानेही कधी विचारलं नाही.

फोटोंचं प्रकरण असं. सरकारी नोकरांना एलटीसी मिळायची, म्हणजे चार वर्षांतून एकदा सरकारच्या खर्चाने देशात कुठेही जाऊन यायची सोय. हवाई दलातले, सैन्यातले, संस्थेतले, सगळेच जायचे. कुणी काश्मीर, कुणी कन्याकुमारी. परत आले की मराठी मंडळाच्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी भिंतीवर पांढरी चादर लावून स्लाइड, म्हणजे फिल्मवरचे पारदर्शक फोटो, प्रोजेक्टरने दाखवायचे. पूर्वी या कार्यक्रमात चिवडा खात वाहवा चालायची. चंद्रहासने ती बंद पाडली. त्याचं म्हणणं, ही कला आहे, हळदीकुंकू नव्हे. नियमही त्यानेच घालून दिला: स्लाइड कुणाची ते आधी सांगायचं नाही. प्रोजेक्टरवर बसलेल्या माणसाकडे ती गुपचूप द्यायची. आधी चंद्रहासचं मत ऐकायचं, ऐकताना तोंड उघडायचं नाही, आणि सगळं ऐकून झालं की उभं राहून म्हणायचं, 'स्लाइड माझी.'

"नाव कळलं की माणूस फोटो बघत नाही, नातं बघतो," असं तो म्हणायचा. ऐकायला फार थोर वाटायचं. प्रत्यक्षात लोक रविवारी नवे कपडे घालून यायचे आणि पाणउतारा करून घेऊन जायचे. हवाई दलातला धनंजय शिर्के प्रोजेक्टर चालवायचा. त्याने लेहहून आणलेल्या स्लाइडींना चंद्रहास म्हणाला होता, "विमानातून उतरायचे कष्ट तरी घेतले होते का?" धनंजयने त्यानंतर कॅमेरा विकला, पण प्रोजेक्टर सोडला नाही. कधीतरी या माणसाची जिरेल आणि ती आपल्या डोळ्यांदेखत जिरेल, एवढ्या आशेवर तो दर रविवारी यायचा.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात वसुधा आईला घेऊन द्वारकेला गेली. परत आल्यावर महिन्याभरातच आई गेली. दिवस झाल्यावर काही आठवड्यांनी वसुधाने एक स्लाइड धनंजयकडे दिली. समुद्र, ओली पायरी आणि पायरीवर बसलेली आई. हॉलमधल्या दोनचार बायकांनी ओळखलं. चंद्रहास वसुधाच्या आईच्या हातचं कितीदा तरी जेवला होता, पण त्याने ओळखलं नाही. वेताची छडी चादरीवर टेकवून तो म्हणाला, "समुद्र सुरेख आहे. पण मधे हे पोतं कुणी ठेवलंय?"

वसुधा उभी राहिली नाही, 'स्लाइड माझी'ही म्हणाली नाही. चपला घालून निघून गेली.

घरी आल्यावर पद्मिनीने त्याला सांगितलं. तिला वाटलं होतं, तो निदान चरकेल. तो बुटाची नाडी सोडत म्हणाला, "मग तिने घरी लावायचा. फोटोला आई नसते, पद्मिनी."

"पापा, आप बहुत गंदा बोलते हो," हेमा आतून म्हणाली.

"आणि तू मराठीत बोल," तो म्हणाला आणि जेवायला बसला.

वसुधा तेलीबागेत यायची बंद झाली. पद्मिनी दोनदा तिच्या घरी गेली. पहिल्यांदा वसुधाने दारातच सांगितलं की वह्या तपासायच्या आहेत. दुसऱ्यांदा स्पष्टच बोलली, "तुझ्यावर माझा राग नाही. पण तुझ्याकडे आले की त्याच्या ताटाला ताट लावून बसावं लागेल, ते मला जमायचं नाही." पद्मिनी रिक्षा न करता चालत घरी आली. रडूही आलं नाही तिला, इतकी ती चिडली होती. या शहरात तिचं म्हणून एकच माणूस होतं, आणि ते नवऱ्याने एका वाक्यात घालवलं होतं. त्याबद्दल त्याला काही वाटत नव्हतं, हे तर आणखी वाईट होतं. तिने ठरवलं, याचं औषध यालाच पाजायचं. एकदा भर हॉलमध्ये आपल्याच जिभेचा फटका बसला, की हा वसुधाच्या दारात जाऊन माफी मागेल.

चंद्रहास स्वतःच्या स्लाइड मंडळात कधी दाखवत नसे. परीक्षकाने पेपरला बसायचं नसतं, म्हणायचा. पण कपाटात, साड्यांच्या खाली, पद्मिनीने एक स्लाइड जपून ठेवली होती. लग्नानंतर दोघं कौसानीला गेले होते तेव्हाची. त्याने संस्थेतल्या कुणाचा तरी कॅमेरा मागून नेला होता. पहाटे दोघं बर्फाचे डोंगर बघायला बाहेर आले तर थंडीने तिचे दात वाजायला लागले. त्याने अंगातला कोट काढला, तिला घातला, वरचं बटणसुद्धा स्वतः लावलं आणि स्वतः नुसत्या सदऱ्यावर कुडकुडत फोटो काढला. त्या फोटोतली पद्मिनी लांब बाह्यांचा तो कोट सावरत हसते आहे. संसारात कधी फारच कोरडं वाटलं की ती स्लाइड खिडकीशी धरून बघायची. न सांगता त्याने कधीतरी आपल्यासाठी एवढं केलं होतं, असं काहीतरी तिच्या मनात यायचं. फोटो म्हणून तो काही खास नव्हता, हे इतकी वर्षं हॉलमध्ये बसून तिलाही कळत होतं. म्हणूनच तिने तो निवडला.

रविवारी तिने रुमालात गुंडाळून स्लाइड धनंजयकडे दिली. "वहिनी, तुमची?" त्याने विचारलं. "लावा हो," ती म्हणाली. स्लाइडच्या चौकटीवर सुलट बाजू कळावी म्हणून एक ठिपका काढतात. या जुन्या स्लाइडवर तो नव्हता. धनंजयने अंदाजाने लावली आणि ती उलटी लागली. डावीकडचं उजवीकडे झालं. पद्मिनीला ते लगेच कळलं, पण बोलायची सोय नव्हती.

चादरीवर चित्र आलं आणि हॉलमध्ये एकदम शांतता झाली. दहा वर्षांनी लहान असली तरी पद्मिनीला सगळ्यांनी ओळखलं. सगळ्यांनी म्हणजे एक सोडून. चंद्रहासला वाटलं, आपलं मत ऐकायलाच लोक गप्प झालेत. तो रंगात आला.

"हिमालय दिसला की आपल्याकडे टाळ्यांची अपेक्षा असते," तो म्हणाला. "उजेड हातचा घालवला आहे. क्षितिज कललेलं आहे. काढणाऱ्याचा हात कापत होता की काय?"

थंडीने कापत होता, पद्मिनी मनात म्हणाली. अजून तिला मजा वाटत होती.

मग छडी खाली सरकली आणि तिच्या चेहऱ्यावर टेकली. "आणि ही बाई. ही इथे काय करते आहे? हिचा या डोंगरांशी संबंध काय? अंगात तो गबाळा कोट, बहुतेक नवऱ्याचा. चेहऱ्यावर काही नाही, नुसतं हसू. प्रवासाच्या फोटोंना लागलेली ही कीड आहे. बाई काढून टाका, फोटो सुधारेल."

धनंजयने मान खाली घातली होती. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला, आणि त्याला वर बघवेना.

पद्मिनीला वाटलं होतं, फटका त्याला बसेल. तो तिलाच बसला होता. या माणसाने बटण लावून दिलं होतं तो कोट. हे हसू त्याच्याकडे बघून हसलेलं. बाहेर निघून जावं असं फार वाटलं तिला, पण वसुधा गेली तशी ती गेली नाही. नियमाप्रमाणे उभी राहिली.

"स्लाइड माझी," ती म्हणाली. "फोटो तुमचा. कौसानी. बाई मी आहे."

चंद्रहासने चादरीकडे पाहिलं. मग तिच्याकडे. मग पुन्हा चादरीकडे. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं पहिल्या रांगेतल्यांनाच नाही, तर मागे दारापाशी उभ्या असलेल्यांनासुद्धा दिसलं.

"स्लाइड उलटी लागली आहे," शेवटी तो म्हणाला. "म्हणून माझ्या लक्षात आलं नाही."

"उलटी लागली की डोंगर इकडचे तिकडे होतात," पद्मिनी म्हणाली. "बाई तीच राहते."

या जागी दुसरा कुणी असता तर निदान हसून वेळ मारून नेली असती. चंद्रहासने छडी खुर्चीला टेकवली, चष्मा पुसला आणि म्हणाला, "मत मत असतं. फोटो माझा असला तरी वाईट आहे. आणि बाई तिथे नकोच होती."

प्रामाणिकपणा म्हणून काही लोकांनी याचं पुढे कौतुक केलं. मला त्या लोकांना एकदा घरी बोलावून विचारायचं आहे की असला प्रामाणिकपणा खाऊन तुमचं पोट भरतं का.

दुसऱ्या दिवशी शाळेतून वसुधा थेट तेलीबागेत आली. धनंजयच्या बायकोने तिला सगळं सांगितलं होतं. चहा न घेता, उभ्या उभ्याच ती म्हणाली, "मला त्याची जिरलेली बघायची होती, पद्मिनी. तुझी नव्हे." मग बसली. मग चहाही घेतला. चंद्रहास संध्याकाळी आला तेव्हा दोघी बोलत होत्या. तो वसुधाला "कशा आहात?" म्हणाला, ती पद्मिनीशीच बोलत राहिली, आणि तो हात धुवायला गेला. माफी त्याने कुणाचीच मागितली नाही. पद्मिनीने ती स्लाइड परत खिडकीशी धरली नाही. धनंजयकडून मागूनही घेतली नाही.

त्या दिवसापासून ती घरात कामापुरतं बोलायला लागली. त्याला ते कळायला बरेच महिने लागले. कळल्यावर त्याने काय करावं? दोन वर्षांनी एलटीसी आली तेव्हा "तू म्हणशील तिथे जाऊ," म्हणाला. ती म्हणाली, "तुम्ही ठरवा. फोटो तुम्हाला काढायचेत." त्याने मांडू ठरवलं.

मांडूला एका पडक्या महालाची भलीमोठी कमान होती. सकाळचं ऊन तिरपं आत आलं होतं. हेमा आईसाठी पाणी आणायला गेली होती. चंद्रहास तिपाईवर कॅमेरा लावून बराच वेळ मागेपुढे झाला आणि मग, जणू फारसं महत्त्वाचं नाही अशा आवाजात म्हणाला, "कमानीखाली जरा उभी राहतेस का?"

"कशाला?"

"कमान केवढी आहे ते कळायला माणूस लागतं."

"संस्थेत पानाचे फोटो काढता तेव्हा शेजारी पट्टी ठेवता ना," पद्मिनी म्हणाली. "ती ठेवा."

तो भिंगाचं झाकण हातात घेऊन नुसता उभा राहिला. "मला तू हवी आहेस," असं म्हणायला त्याचं तोंड उघडलंही असेल, पण दुसऱ्याच्या कामात खोट काढण्याची एवढ्या वर्षांची सवय, त्या तोंडातून दुसरं काही निघेना. कॅमेऱ्यातून बघायचं सोडून तो तिच्याकडे बघायला लागला. उन्हात, दहा पावलांवरून, मधे काच नसताना. बघत राहिला. आणि म्हणाला, "पद्मिनी, तुझे केस कधी पांढरे झाले?"

"तुम्ही फोटो बघत होतात तेव्हा," ती म्हणाली, आणि हेमाला हाक मारत कमानीच्या पलीकडे निघून गेली.