फोटो काढा

"फॉरेस्टमधून येतेस आणि फॉरेस्ट म्हणता येत नाही?"

मिस हसत म्हणाल्या. मग वर्ग हसला.

मी सहावीत होते. पुस्तक धरून उभी. तो शब्द धड्याच्या पहिल्याच ओळीत होता. मी तो दोन्ही ओठ मिटून म्हणायचे, फणसातल्या फ सारखा. मिसना वरचे दात खालच्या ओठावर टेकवून म्हटलेला फ हवा होता. माझे वरचे दात तिथे पोचायचेच नाहीत. माझा खालचा जबडा पुढे होता, खालचे दात वरच्या दातांच्या बाहेर यायचे.

मिसनी कागदाची पट्टी माझ्या तोंडासमोर धरली. "पुन्हा. ओठ नको मिटूस. पुन्हा." पट्टीवर थुंकी उडाली. मिसनी ती चिमटीत धरून केराच्या डब्यात टाकली आणि म्हणाल्या, "बस. यांच्या वाडीत असंच बोलतात."

वाडीत कोणी असं बोलत नव्हतं. तसा जबडा वाडीत दोघींचाच होता, आईचा आणि माझा. आणि वाडीत फॉरेस्ट म्हणजे जंगल नव्हेच. जंगलाला आम्ही रान म्हणतो. 'फारेस्ट' म्हणजे खाकी कपड्यांतला माणूस, जो आईला डोक्यावरची मोळी खाली टाकायला लावतो. हे मला तेव्हा सांगता आलं नाही. इंग्रजीत तर नाहीच.

आम्ही ठाकर. बाबा साजगावच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला लागले म्हणून डोंगरावरून खाली आलो, शिळफाट्याला खोली घेतली. राखीव जागेवर मला इंग्रजी शाळा मिळाली. आई नाक्यावर बसून रानातलं विकायची. शेवळं, करवंदं, आवळे. शाळा सुटली की मी तिच्यासमोरून जायचे. माझ्या वर्गातल्या मुली माझ्याकडे बघायच्या, मग तिच्याकडे, मग पुन्हा माझ्याकडे. त्यांना कोणी काही सांगायची गरज पडली नाही.

त्या दिवसापासून मला वर्गात 'ड्रॉवर' म्हणू लागले. "ए ड्रॉवर, बंद कर ना." मी बंद केला. दहावीपर्यंत मी वर्गात आपणहून एक वाक्य बोलले नाही.

बारावीनंतर मी पनवेलच्या बाजूच्या एका दातांच्या हॉस्पिटलात गेले. मला कोणी ढकललं नव्हतं. मलाच जायचं होतं. हे आधीच सांगते, म्हणजे नंतर कोणी मला सांगायला नको. मला भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडता येत नव्हता. आणि मला तो चेहरा नको होता. दोन्ही कारणं खरी आहेत.

तिथे डॉक्टर शिकवले जात. म्हणून आमच्यासारख्यांना उपचार मिळत आणि त्यांना बघायला तोंडं मिळत. मोठे सर आले, मागे शिकणारे डॉक्टर. सरांनी माझी हनुवटी धरून चेहरा बाजूला वळवला. मग त्यांची नजर बाकावर बसलेल्या आईकडे गेली.

"अरे वा. सोर्स इथे बसलाय."

शिकणारे हसले.

"आजी, उभ्या राहा. मान वळवा. अशी. हसू नका."

आईची चाळिशीही उलटली नव्हती. ती भिंतीला लागून उभी राहिली. हसू नका म्हटल्यावर तिला हसू आलं, ते तिने दाबलं. समोरून एक फोटो, बाजूने एक, हनुवटीवरच्या गोंदणासकट. बाहेर आल्यावर मी विचारलं, तुझा कशाला काढला? ती म्हणाली, "कार्डावर लावायचा आसंल." फोटो काढू का, असं तिला कोणी विचारलं नव्हतं. कशासाठी, ते मीही डॉक्टरांना विचारलं नाही.

मग तारा. ऑपरेशनआधी तारांनी दात त्यांच्या खऱ्या जागी आणतात, आणि तेव्हा जबडा होता त्याहून पुढे दिसतो. आधी बिघडतं, मग सुधारतं, असं तिथली एक मॅडम म्हणाली होती. बिघडलेलं बराच काळ राहिलं. शेजारची काकू रोज नळावर म्हणायची, "काय गं ह्ये? तारा लावून आनखीच भायेर आलं. पैलंच बरं व्हतं की."

ऑपरेशनमध्ये दोन्ही जबडे कापले. खालचा मागे घेतला, वरचा पुढे आणला आणि पट्ट्या बसवून स्क्रूने आवळला. शुद्धीवर आले तेव्हा चेहऱ्याचा भोपळा झाला होता. दात रबरांनी बांधलेले. आई तांदळाची पेज फडक्यातून गाळायची, सिरिंजमध्ये ओढायची आणि गालाच्या कोपऱ्यातून आत सोडायची. सोडताना तिचं स्वतःचं तोंड उघडायचं, तान्ह्या मुलाला भरवताना उघडतं तसं. मी डोळे मिटून घ्यायचे. इतक्या जवळून ते तोंड मला बघवत नव्हतं.

सूज उतरली. खालचा ओठ आणि हनुवटी मात्र जागी झाली नाही. "येईल हळूहळू," सर म्हणाले. आलेली नाही. ओठावरून पाणी ओघळलं तरी मला कळत नाही. समोरच्याचे डोळे खाली गेले की कळतं.

बरी झाल्यावर आईबरोबर वाडीवर गेले. आईची मावशी ओट्यावर बसली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोनाची गं तू?"

हा प्रश्न वाडीत कुठल्याही पोरीला विचारतात. मला कधीच कोणी विचारला नव्हता. विचारायची गरजच नव्हती. मी आईचं नाव सांगितलं.

"नाय," म्हातारी म्हणाली. "तिची पोर तिच्यावानी हाय."

"हीच गं ती मावशे, डोल्यांनी दिसत नाय काय तुला," आई हसत म्हणाली. पण डोंगर उतरताना ती पुन्हा पुन्हा वळून माझ्या तोंडाकडे बघत होती.

मग शाळेतून फोन आला. मिस आता मुख्याध्यापिका होत्या. हॉस्पिटलचे सर पालकांसाठी शाळेत दातांविषयी बोलायला येणार होते. मी शाळेची माजी विद्यार्थिनी आणि सरांची पेशंट. शेवटी मी दोन शब्द आभाराचे बोलायचे. "आईलाही घेऊन ये गं. पालकांना बरं वाटेल."

दारातच मिसनी मला जवळ घेतलं. "माय गॉड. ओळखूच येत नाहीस. आता वाटतसुद्धा नाही वाडीवरची!"

त्या मनापासून बोलल्या. माझ्या मागे आई उभी होती. नवी साडी नेसून आली होती. मिसनी तिला मान हलवून आत जायला सांगितलं. ती शेवटच्या रांगेत, खुर्चीच्या कडेवर बसली.

पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'चेहऱ्याची विकृती'. त्याखाली माझा आधीचा फोटो, मग नंतरचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग तिसरा फोटो आला. एका बाईचा, बाजूने. खाली ओळ होती, 'वेळेत उपचार न घेतल्यास'.

डोळ्यांवर काळी पट्टी मारली होती. हनुवटीवरचं गोंदण झाकलं नव्हतं.

"अगं बाई, काय भयानक," माझ्या शेजारची बाई म्हणाली. तिच्या मागची आपल्या मुलीला म्हणाली, "बघ. अंगठा चोखलास तर अशी होशील."

मी वळून पाहिलं. आईने पदर तोंडावर घेतला होता. हाताने घट्ट धरून ती पडद्याकडेच बघत होती.

माझं नाव पुकारलं. मी वर गेले. फोटो तसाच होता.

"हं, बोल बेटा. दोन शब्द."

माइक हातात घेतला. "ही माझी आई आहे," मी म्हणाले. "फोटो काढा."

पुढच्या रांगेतल्या शिकणाऱ्या डॉक्टरणीने लगेच मोबाइल उचलला. "थोडं इकडे बघा ना. सर, तुम्ही पण या." सर आले. माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. आम्ही दोघं, आणि मागे पडद्यावर आई. डॉक्टरणीने फोटो काढला.

मी काढा म्हणाले आणि त्यांनी काढला. माझ्यासारखी मुलगी तिथे उभी राहून काही काढून टाका म्हणत असेल, हे त्या हॉलमध्ये एकाच्याही मनात आलं नाही.

"काढा म्हणजे हटवा," मी म्हणाले. "तो फोटो खाली घ्या."

ओठावर काय होतं मला माहीत नाही. सरांचे डोळे खाली गेले. मी पुसलं नाही.

सरांनी आवाज उतरवला. "बेटा, डोळे झाकलेत. कोणाला कळणार आहे?"

"तिला कळलं."

"बरं, बघू आपण. आधी आभार मान, लोक थांबलेत."

"नाही."

या शब्दाला ओठ लागत नाहीत. तो स्पष्ट आला.

मिसनी माझ्या हातातून माइक घेतला. "जरा इमोशनल झाली आहे आमची मुलगी." लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. माझ्या 'नाही'ला. मग सरांनी बटण दाबलं आणि पडद्यावर ब्रश कसा धरावा ते आलं. फोटो गेला तो त्यामुळे. माझ्यामुळे नाही.

आई खुर्चीवर नव्हती. फाटकाबाहेर उभी होती. आम्ही चालायला लागलो. ती चौथीपर्यंत शिकली आहे, अक्षरं लावून वाचते.

"विकृती म्हंजे काय गं?"

मी भराभर चालू लागले.

"बातम्यांत सांगतात त्येच ना? पोरीबाळींना नासवनारा. त्याला विकृत म्हन्तात."

"नाही गं आई. डॉक्टरांचा शब्द आहे तो. हाडाचा."

तिने पदर तोंडावर ओढला. मग म्हणाली, "मंग मना कशाला लावला?"

  

आता आई आमच्याकडे पाठ करून जेवते. नाक्यावर पदर तोंडावर धरून बसते. गिऱ्हाईक विचारतं, "काय गं, दात दुखतो काय?" ती मान हलवते. बाबा म्हणतात, इसरंल. ती विसरलेली नाही. मी ऑपरेशन करून जे झाकायचं सोडलं, ते तिने माझ्यामुळे झाकायला घेतलं. आधी तिला आपलं तोंड वेगळं आहे हेही आठवायचं नाही. मोठ्याने हसायची, सगळे खालचे दात दाखवून.

मी हॉस्पिटलात जाऊन विचारलं. तिथल्या मॅडमने नीट उत्तर दिलं, एवढं म्हणेन. तो फोटो शिकणाऱ्या सगळ्यांकडे गेलेला आहे, त्यांच्याकडून आणखी पुढे. कोणाकोणाकडे असेल सांगता येणार नाही. परत येणार नाही. सरांनी माझ्यासाठी निरोप दिला, "तिला म्हणावं, आम्ही तिचं आयुष्य बदललं."

बदललं, हे खरं आहे. मी भाकरी पुढच्या दातांनी तोडते. आरशात कोण आहे त्याची सवय होते आहे. कोणाची, ते मात्र आरशात दिसत नाही. ते मला तोंडाने सांगावं लागतं आणि मी सांगते, विचारलं नाही तरी. नाक्यावर जाऊन आईच्या शेजारी बसते, रस्त्याकडे तोंड करून.

परवा हॉस्पिटलातून फोन आला. शेवटचे फोटो राहिलेत. समोरून, दोन्ही बाजूंनी, एक हसून.

"मी येणार नाही."

"का? दुखतंय का काही?"

"नाही. फोटो देणार नाही."

"मॅडम, मग तुमची केस अपूर्ण राहील."

"राहू दे."

माझ्या आईचा फोटो जोवर त्यांच्याकडे आहे, तोवर माझा त्यांना मिळणार नाही. आणि तिचा परत येणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणजे कधीच नाही.