भिंतीवरचं गाऱ्हाणं

मॅट्रिक होऊन मी मुंबईहून काकांकडे राहायला आले त्या वर्षी गावात निवडणूक होती. माझं शिक्षण इंग्रजी शाळेत झालेलं. मराठी बोलता यायचं, पण वाचताना अडखळायला होई आणि लोकांसमोर अडखळण्यापेक्षा मी गप्प बसे. म्हणून भिंती वाचायला लागले. भिंत कुणाला हसत नाही.

रोज दुपारी वही घेऊन बंदरापासून बाजारापर्यंत चालायचं, दिसेल ते उतरवून घ्यायचं. काही भिंतींवर वेगळ्या मराठी राज्याच्या मागणीची जुनी अक्षरं विटत चालली होती. त्यांच्यावरच नवी मतं मागितलेली, काव, नीळ आणि काजळीने. एका पक्षाची निशाणी विहिरीच्या कठड्यावर, दुसऱ्याची मशिदीपलीकडच्या दगडी गडग्यावर. हळूहळू लक्षात आलं की हात सगळीकडे एकच आहे. होड्यांवर नावं रंगवणारा एक म्हातारा सगळ्या पक्षांची कामं करी. मी एकदा भीत भीत विचारलं, तर ब्रश न थांबवता म्हणाला, "होडी कोणाचीय असांदे, बाय. नाव सरळ येवक व्हया."

बंदराजवळ सरकारी बंगल्याला नवी भिंत घातली होती. कोळणींची बावडीकडे जायची वाट त्या भिंतीने बंद झाली. पूर्वी बावडी हाकेच्या अंतरावर होती. आता भरलेली कळशी डोक्यावर घेऊन अख्ख्या टेकाडाला वळसा. त्यांनी अर्ज दिले. अर्ज काकांच्या टेबलावर आले आणि तिथेच राहिले. काका कचेरीत हेडक्लार्क होते. घरी मालवणी बोलणारे काका कुणी अर्जाबद्दल विचारलं की शुद्ध मराठीत बोलत: "प्रकरण विचाराधीन आहे."

मग बायकांनी त्या म्हाताऱ्याला गाठलं. त्याने अर्ज लिहिला नाही. त्याने भिंतीवरच गाऱ्हाणं घातलं, देवळात घालतात तसं, कावेच्या लाल अक्षरांत:

"बा देवा म्हाराजा, बावडी आमची, पाणी तुझा. मधी ही भिंत कोणी घातल्यान ता तुका ठावूक आसा. ज्येनी वाट अडवल्यान त्येका सुबुद्धी दी आणि आमची वाट आमका मोकळी करून दी रे म्हाराजा."

खाली त्याने जागा कोरी सोडली. देवळात मानकरी गाऱ्हाणं घालतो आणि जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात. ते भिंतीने कसं म्हणायचं? ते बायका म्हणू लागल्या. वळशाला लागण्याआधी प्रत्येक जण भिंतीपाशी थांबे, "व्हय म्हाराजा" म्हणे आणि पुढे जाई. समोरच कचेरीची खिडकी. काकांना दिवसभर तेच ऐकू येई.

मंत्री बंगल्यावर उतरणार असं कळलं आणि काकांनी भिंतीला चुना मारून घेतला. दुपारी मी पोचले तेव्हा भिंत पांढरीफटक होती. बाजूच्याच गडग्यावर सगळ्या पक्षांच्या निशाण्या होत्या तशाच. त्यांना कुणी हात लावला नव्हता. मतं मागणारी अक्षरं राहिली, पाणी मागणारी गेली. माझे कान तापले. आजही ते आठवलं की तापतात.

चार-पाच कोळणी कळश्या टेकवून उभ्या होत्या. वाचता एकीलाही येत नव्हतं. म्हातारा होडीचं काम घेऊन वेंगुर्ल्याला गेलेला.

"आता गाऱ्हाणा म्हणतलो कोण?" एक म्हणाली. दुसरीने माझ्याकडे पाहिलं. "ह्या हेडक्लार्काचा चेडू. रोज लिवन नेता काय तरी. इंग्रजी शाळेतला मा तू? पाण्याक काय म्हणतत गो तुमच्यात?"

सगळ्या हसल्या. मी वही उघडली. गाऱ्हाणं बाईमाणसाने घालायचं नसतं हे मला माहीत होतं. खिडकीत काका उभे होते हेही दिसत होतं. आवाज फार लहान आला, दोनदा अडखळले, पण शेवटपर्यंत वाचलं. हसणं थांबलं होतं.

"व्हय म्हाराजा," सगळ्या म्हणाल्या.

काका घरी आल्यावर टोपी खुंटीला लावून जेवायला बसले. मग शुद्ध मराठीत म्हणाले, "उद्यापासून फिरणं बंद. माझ्या कचेरीसमोर माझ्याच घरातली मुलगी!"

"भिंत पुसायला तुम्हीच सांगितलंत ना?" मी विचारलं. त्यांना मी विचारलेला तो पहिला प्रश्न असावा.

"वरून हुकूम होता."

"आणि वाट अडवायचा?"

काकी भात वाढत होती. तिचा हात थांबला. काकांनी पान तिच्याकडे सरकवलं.

दुसऱ्या दिवशी काका कचेरीत गेल्यावर मी माजघरात बसून होते. घरामागच्या परड्यात आमची स्वतःची विहीर होती, बारमाही पाण्याची. तरी काकीने तांब्याची कळशी चिंचेने घासली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि दारात येऊन उभी राहिली.

"चल गो, पाणी आणूक जावया," ती म्हणाली. "वही घेतलंस मा?"