खरवडलेला कॅमेरा

हामुरो सादाओइतका हट्टी माणूस ओसाकातल्या आमच्या गल्लीत दुसरा झाला नाही. अंत्यविधीला मांडायचे फोटो काढणं हा त्याचा धंदा. आमच्याकडे ते तब्येत धड असतानाच काढून ठेवतात. हामुरो ते फक्त काळे-पांढरे काढायचा. रंगीत फोटो काढून मागाहून रंग घालवणं म्हणजे त्याच्या मते शुद्ध फसवणूक. फिल्म धुवायची खोली कधीच मोडली, पण हेका काही सुटला नाही.

फिल्म होती तोवर गल्लीतल्या सगळ्यांचे फोटो झाले, राहिला त्याच्या बायकोचा, तोमिएचाच. आणि तिच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. माझा फोटो तुम्हीच काढायचा, एवढंच तिने नवऱ्याकडे मागितलं.

माझं कॅमेरे दुरुस्तीचं दुकान शेजारीच. ओळखीने मी त्याला मुळातच फक्त काळे-पांढरे फोटो काढणारा डिजिटल कॅमेरा वापरायला आणून दिला. त्याच्या सेन्सरवर रंगांची गाळणीच नसते, सगळा उजेड थेट आत. हामुरोने कोबीचा फोटो काढला. पानावरची शीर न् शीर वेगळी. तो नुसता बघत बसला.

"मग काढ की वहिनींचा," मी म्हणालो.

"उसन्या कॅमेऱ्यावर? बायकोचा शेवटचा फोटो?"

"फोटोत कॅमेरा दिसतो का रे?"

"मला दिसेल."

तसला विकत घ्यायची ऐपत नव्हती. मग गडी आपलाच रंगीत कॅमेरा उघडून सेन्सरवरचा रंगांचा थर लाकडी काडीने खरवडायला बसला. पहिल्यांदा कडेची केसाहून बारीक तार तुटली आणि सेन्सर मेला. जुन्या कॅमेऱ्यातला दुसरा काढला, तर कोपऱ्यात रंग राहून डाग उमटायला लागला. तो डाग गेला, तर फोकस सरकला, कारण सेन्सरवरची काचही काढावी लागली होती. प्रत्येक वेळी नव्या कोबीचा फोटो त्या पहिल्या फोटोशेजारी ठेवायचा आणि मान हलवायचा.

रोज दुपारी, उजेड चांगला असताना, तोमिए करडा किमोनो नेसून बसायची. रोज हा म्हणायचा, "उद्या."

"अहो, रंगीतच काढा," ती एकदा म्हणाली. "आता माझा रंगीत काढलात तरी काळा-पांढराच येईल."

मला हसू आलं. तो हसला नाही, परत काडी घेऊन बसला. मेल्याला दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं मला.

शेवटी एकदाचं जमलं. अस्सल कॅमेऱ्याची सर नव्हती, अंधाऱ्या भागात दाणे दिसत होते, पण त्याचं समाधान झालं. मला ओढतच आत घेऊन गेला. तोमिए अंथरुणात होती, गालफडं पार बसलेली. आम्हाला बघून तिने चेहऱ्यावर हात धरला.

"आता नको."

"अगं, कॅमेरा झालाय."

"झाला असेल. मी नाही राहिले. हे तोंड लोकांपुढे मांडू नका."

त्याने खूप विनवलं. तिने हात काढला नाही.

ती गेल्यावर अंत्यविधीवाल्यांनी भाचीच्या फोनमधला सहलीचा रंगीत फोटो घेतला. चेहरा तेवढा कापून संगणकावर त्याला कुठलासा किमोनो चढवला आणि मागे निळं आभाळ टाकलं. आम्ही गल्लीतली माणसं एकेक करून धूप वाहायला पुढे गेलो. हामुरो फोटोशेजारी गुडघे मोडून बसला होता. वाकून नमस्कार करणाऱ्या प्रत्येकाला तो हळू आवाजात एवढंच सांगत होता, "हा मी काढलेला नाही."