मास्तरांचा ताकाचा पेला

आयुष्यात मी सर्वांत जास्त ऋणी कुणाचा असेन, तर मस्तगडच्या आमच्या मास्तरांचा. आणि थेंबभरही न पिता त्यांच्याइतका अस्सल दारुडा साऱ्या जालन्यात दुसरा झाला नाही.

दुष्काळी कामावर खडी फोडता फोडता सोळाव्या वर्षी मला हातभट्टीची सवय लागली. दारूपायी दवाखान्यात पडलो, तिथून सुटल्यावर मामाने मला मास्तरांच्या दोन खोल्यांत आणून सोडलं. तिथे माझ्यासारखीच आणखी चार पोरं होती. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर उपदेश करत नसत. ते बटण लावायला, अर्ज लिहायला, एस.टी.चं वेळापत्रक वाचायला आणि भाकरी थापायला शिकवत. नव्या पोराची पहिली भाकरी, मग तिचा कोळसा झालेला का असेना, ते स्वतः खात. माझी खाताना म्हणाले, "दाताला चांगला व्यायाम हाय. उद्या जरा पातळ थाप."

पण त्यांचा लाडका विषय म्हणजे 'नाही म्हणणे'. रोज संध्याकाळी टोपी तिरपी करून, पितळी पेल्यात ताक घेऊन ते आमचे जुने दोस्त बनत आणि झिंगत अंगावर येत. "एकच घोट रे राजा. आपल्या दोस्तीची कसम." शेजारच्या आजींनी एकदा दारातूनच झापलं, "मास्तर, सुधरायला आणलेली लेकरं, अन् तुम्हीच पाजू राह्यले व्हय?" मास्तरांनी पेला त्यांच्यापुढे धरला. आजी तो पिऊन, मीठ कमी आहे म्हणून निघून गेल्या.

आठ महिन्यांनी माझ्या बहिणीचं लग्न निघालं. या विषयात पास झाल्याशिवाय गावी, हसनाबादला जायचं नाही, असं मास्तरांनी बजावलं. पहिल्यांदा मी पोट दुखतंय म्हणालो. "मंग हेच तर औषध हाय," मास्तर म्हणाले. दुसऱ्यांदा आईची शपथ घेतलीय म्हणालो. "तिला कोण सांगायला चाललंय?" तिसऱ्यांदा तर ते इतके काकुळतीला आले, की मला राहवलं नाही, मी पेला घेतला आणि गटागटा ताक प्यालो. मास्तर मटकन खाली बसले. मग म्हणाले, "कारण सांगू नको बाबा. कारण खोडून काढता येतं. न्हाई म्हण, अन् हाताला काम लाव."

चौथ्या खेपेला मी नाही म्हणून झाडू उचलला. पास झालो. तरी मास्तर एस.टी. सुटेपर्यंत खिडकीखाली उभं राहून "एकच घोट" म्हणत होते, आणि कंडक्टर त्यांच्याकडे कीव करून बघत होता.

पुढे मी मॅट्रिक झालो, बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिलाच. मास्तर गेले तेव्हा त्यांच्या ट्रंकेत मी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी टाकलेलं पोस्टकार्ड सापडलं. कडेला पिठाची बोटं उमटली होती.

"मास्तर, सप्रेम जयभीम. ताईचं लग्न बराबर पार पडलं. माझ्या जुन्या दोस्ताने मांडवामागे बाटली काढली. मी नाही म्हणालो आणि वरणाची बादली उचलली. सगळ्या पंगती मीच वाढल्या. हात फार दुखतात. त्याला तुमच्यासारखा आग्रह जमत नाही. पंगती उठल्यावर तो एकटाच बसला होता. 'येतो का संगं?' असं विचारलं, तर 'मला न्हाई जमायचं' म्हणाला. मी म्हणालो, 'मलाबी जमत नव्हतं.' सोमवारच्या गाडीने आम्ही दोघं येतो. पीठ जास्तीचं दळून ठेवा. त्याची पहिली भाकरी मी खाईन."